कटाईनंतरचे सामने

बांधी सर शेतात उतरण्याआधी चप्पल काढत. पी.टी.चे मास्तर असून त्यांच्या पायात बूट मी कधी पाहिले नाहीत. चप्पल धुऱ्यावर ठेवायची आणि धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत टाचा रोवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मध्येच थांबून एखादं ढेकूळ अंगठ्याने दाबायचं. फुटलं तर पुढे. नाही फुटलं तर तिथेच उभं राहून विचार करायचा. ज्याची बांधी असे तो शेतकरी धुऱ्यावरून बघत राही, हा माणूस जमीन घ्यायला आला आहे की काय, अशा नजरेने. शेवटी सर सांगत, "थोडं ऊन खाऊ द्या. मंग इथं पोरी पडल्या तरी लागत नाही."

आमच्या भागात धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि त्या बांधाला धुरा. या माणसाने कॉलेजचे कबड्डीचे सामने बांधीत भरवले म्हणून त्यांचं नाव बांधी सर पडलं. आधी ते शहरातल्या कॉलेजवाल्यांनी हिणवायला ठेवलं. पुढे आम्हीच म्हणायला लागलो. खरं नाव आता मलाही आठवायला वेळ लागतो.

मी मासळीचा ठोक धंदा करते. गोंदियाच्या बाजारात माझ्या तोंडी लागण्याआधी लोक विचार करतात, आणि त्यांनी तो करावा. धंदा मला कोणी दिला नाही, मी उभा केला. मी बांधी सरांवर लिहिते आहे म्हटल्यावर आमच्या वेळच्या काही जणांना वाटलं, गुरूला हार घालणारं काहीतरी असेल. तसं नाही. माझी त्यांच्यावर तक्रार आहे, आणि ते गेल्यावरही ती मी मागे घेतलेली नाही.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या सुमारास तालुक्या-तालुक्यात नवी कॉलेजं निघाली. आमचंही त्यातलंच. दोन खोल्यांवर पत्रे, ग्रंथालयाला कुलूप, मैदान नाही. सर तिथे तासिकेवर होते, म्हणजे पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याचा भरवसा नसलेले. ते सालेकशाकडच्या जंगलपट्ट्यातले. बोलणं कमी, आवाज खाली. मुलींना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. हजेरीत आडनाव असे, पण मैदानावर आडनाव चालत नसे. मी बोदलकशाची, म्हणून मी बोदलकसा. "ए बोदलकसा, वाकून जाय. उभी गेली तं पायच देऊन आली समज." बाजूच्या गावांच्या पोरी होत्या, त्यांनाही तसंच. कोण कुणबी, कोण पोवार, कोण गोंड, कोण बौद्ध आणि कोण माझ्यासारखी ढिवराची, हे सगळ्यांना ठाऊक होतंच. पण चढाईला निघालेल्या पोरीला गावाच्या नावाने हाक मारली की मागून ओरडायला अख्खं गाव मोकळं होतं, हे सरांनी ओळखलं होतं.

माझ्या घरी एकही बांधी नव्हती, आणि पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर फिरलं. बाबा बोदलकशाच्या तलावात जाळं टाकत, आई टोपलं घेऊन बाजाराला जाई. आम्हाला रोवणी नाही, कटाई नाही. बाकीच्या पोरींच्या घरी एक तर स्वतःची शेती होती, नाहीतर दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी. विद्यापीठाचे सामने दसरा-दिवाळीच्या मध्ये येत, हलका धान कापायला येतो नेमका तेव्हा. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा सर आमचा संघ घेऊन निघणार होते. सकाळी मी पिशवी घेऊन बसस्टँडवर जाऊन उभी राहिले. एकही पोरगी आली नाही. सर सायकलवर गावोगाव फिरून परत आले, तेव्हा त्यांच्या पँटीला गुडघ्यापर्यंत चिखल होता. पोरी विळा घेऊन बांधीत वाकलेल्या. एका पोरीची आई त्यांना म्हणाली होती, "घेऊन जा मास्तर. तिच्या जागेवर तुमची बायको पाठवून द्या." सर हे सांगून हसले. मी हसले नाही. मी कबड्डीसाठी कॉलेजात आले होते, आणि माझी बस निघून गेली होती.

त्या दिवशी बसस्टँडच्या बाकावर बसून ते म्हणाले, "धान काही आपल्यासाठी थांबत नाही. मंग आपणच थांबू." मला वाटलं, हरलेला माणूस बोलतो आहे. तसं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी आमच्यासारखी पाच गरीब कॉलेजं गोळा करून मंडळ काढलं. नियम एकच. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान कापून घरी येईपर्यंत सामना नाही. आला की बांधीत सामने, आज या तालुक्यात, पुढच्या आठवड्यात त्या तालुक्यात. सर प्रत्येक प्राचार्यांकडे एसटीने गेले. काही मागितलं नाही. पोरी आणा, झोपायला घर देऊ, जेवायला घालू, एवढंच. आमचे प्राचार्य मला नंतर म्हणाले, तुझ्या सरांना मागताच येत नाही, म्हणून नाही म्हणायला काही सापडलं नाही.

एवढा निरुपद्रवी माणूस. बाजारात आईच्या टोपल्यापाशी आले की ती सांगेल तो भाव देऊन मासे घेऊन जात. आईला त्याचीच चीड. ती म्हणे, "ह्या माणसाले घासाघीस कराले लाज वाटते. त्याचं काही होणार नाही." पण मंडळ सुरू झालं, आणि काहीतरी झालं.

बांधी तयार करणं हा एक सोहळाच होता. धसकटं फावड्याने तासायची, पाणी शिंपायचं, बैलाच्या पाटीने सपाट करायचं, मग पुन्हा ऊन. रेषा आखायला राइस मिलमधून कोंड्याची राख पोत्यात भरून आणायची. चारी बाजूंचे धुरे म्हणजे बसायची जागा. शहरातल्या मैदानावर खेळणाऱ्याला कळणार नाही, पण भिजून वाळलेली धानाची माती अंगाला धरते, खरचटत नाही. आम्ही अशा काही पकडी केल्या की कडक मैदानावर हाडं मोडली असती. लोक येत. कटाई संपलेली, हात मोकळे, पोटात नवा तांदूळ. म्हातारे धुऱ्यावर चोंगी ओढत बसत. बायका कडेवर पोरं घेऊन येत आणि स्वतःच्या पोरीला शिव्या देत. माझी आई, जी मला कबड्डीपायी दर आठवड्याला बोलत असे, तीही एकदा रिकामं टोपलं उलटं करून त्यावर बसलेली मी पाहिली.

पाहुण्या संघातल्या पोरी आमच्या घरोघरी वाटून दिल्या जात. आमच्या घरी देवरीकडच्या दोन आल्या. एक बोलकी, एक मुकी वाटावी इतकी गप्प. आईने मासे केले, गप्प पोरीने काटा न काढता खाल्लं, आई बघतच राहिली. जाताना ती पोरगी आईला एवढंच म्हणाली, "उद्या तुमच्या पोरीले मी पाडीन." आणि पाडलं. घोटा धरून असं ओढलं की माझ्या तोंडात माती गेली. धुऱ्यावर सगळ्यात मोठ्याने हसणारी माझी आई होती.

पंच म्हणून सरांची एक रीत होती, ती शहरवाल्यांना फार मजेची वाटे. हात लागला की नाही याचा वाद झाला की ते शिट्टी खाली करून पोरीलाच विचारत, "लागला का?" ती सांगेल तो निकाल. पहिल्या काही सामन्यांत सगळ्या खोटं बोलल्या, मीही त्यात होते. सर मान हलवत, गुण देत, पुढे जात. पण धुऱ्यावर बसलेल्यांना दिसत असतं. खोटं बोलून आलेल्या पोरीला तिचं गाव संध्याकाळपर्यंत सोडत नसे. हळूहळू पोरी आपणहून हात वर करून बाहेर जायला लागल्या. सरांनी यावर कधी एक शब्द भाषण दिलं नाही.

शहरातल्या मोठ्या कॉलेजचे क्रीडा संचालक या सगळ्याला "कटाई ट्रॉफी" म्हणत. ते विद्यापीठाच्या निवड समितीवर होते, ट्रॅक सूट घालून फिरत, आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं. आमच्या पहिल्या हंगामाचा शेवटचा सामना बघायला ते गंमत म्हणून आले. आले तेव्हा धुऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागल्या होत्या, त्यावर माणसं. आम्ही त्या सामन्यात जिंकलो. माझ्या चढाया चांगल्या झाल्या, हे मी सांगते कारण आता सांगायला कोणी उरलं नाही. सामना संपल्यावर संचालक माझ्याकडे बोट दाखवून सरांना म्हणाले, "सरजी, इस लड़की को कलर मिलना चाहिए."

कलर म्हणजे विद्यापीठाच्या संघातली निवड, आणि तिच्याबरोबर मिळणारा विद्यापीठाच्या बोधचिन्हाचा कोट. तो कोट घालून फिरायचं नसतं. तो दाखवायचा असतो, पोलिसात, रेल्वेत, खेळाडूंच्या राखीव जागेवर. आमच्या भागातल्या एका मुलाला तो मिळाला होता, आता तो वर्दीत होता आणि त्याच्या बापाने टोपलं कायमचं ठेवून दिलं होतं. संचालक ते वाक्य बोलले त्या दिवसापासून तो कोट मला रोज दिसत होता. आईच्या टोपल्याचा वास जाईल असा तो एकच कपडा होता. मी शेवटच्या वर्षाला गेले. कॉलेज बदलायची वेळ निघून गेली होती, आणि कबड्डीत एकट्या पोरीचं नाव विद्यापीठ घेत नाही, मागे संघ लागतो. मला कोट मिळायचा तर मंडळाला विद्यापीठाची मान्यता मिळायला हवी होती, आणि ती त्याच वर्षी.

पावसाळा उतरणीला लागला आणि संचालकांचा निरोप आला. सरांनी मला बरोबर घेतलं, कारण मी मुलींची कप्तान होते. त्यांच्या ऑफिसात पंखा होता, ढाली होत्या, समोसे आले. संचालक सरळ मुद्द्यावर आले. तुमचा प्रोग्राम एक नंबर आहे, विद्यापीठ मान्यता द्यायला तयार आहे, बस टाइम गलत है. सामने ऑक्टोबरात आणा, आमच्या मैदानावर. मान्यता, प्रवासभत्ता, निवड, सगळं मिळेल.

सर म्हणाले, ऑक्टोबरात कटाई आहे.

संचालक म्हणाले, "अरे भाऊ, कटाई तो हर साल है."

सर म्हणाले, हो, हर साल आहे.

मला दिसत होतं की हे आता इथेच बुडणार. मी भाव करणाऱ्या बाईची पोरगी. देणारा काय देऊ शकतो आणि घेणारा किती सोडू शकतो हे मला त्याही वयात कळत होतं. मी मध्ये बोलले. म्हटलं, बाकी सामने कटाईनंतरच राहू द्या, बांधीतच राहू द्या. फक्त मुलींची निवड ऑक्टोबरात ठेवा. मंडळाच्या नावाने एक संघ जाईल. ज्यांना येता येईल त्या येतील, कमी पडल्या तर शहराच्या घ्या. संचालकांनी समोसा खाली ठेवला. "लड़की समझदार है. चलेगा. मैं बात करता हूँ."

झालं होतं. मी सांगते, सौदा झाला होता. समोरच्याने चलेगा म्हटलं होतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्याईले येता येईन त्या, म्हंजे कोण?"

मी म्हटलं, ज्या येतील त्या.

"नावं सांग. देवरीवाली येईन?"

 ती त्या काळात दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला असे.

"सालेकशाची कोणी? आपल्या कॉलेजातली?"

मी म्हटलं, "सर, या वर्षी मी जाईन. पुढच्या वर्षी दोघी जातीन. मंग चौघी. एकदा आत तं शिरू द्या."

ते म्हणाले, "मंग निवड तुझी एकटीची झाली. अना हिवाळ्यात त्या पोरी कायसाठी खेळतीन? टाइमपास म्हणून? मंडळ तुझ्या एकटीचं नाही, बोदलकसा." आणि संचालकांना हात जोडून म्हणाले, "तुमी हिवाळ्यात या. आमी वाट पाहू." ते उठले. समोसा तसाच राहिला.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या बाजूला बसले नाही. मागच्या सीटवर बसून मी जे जे बोलले ते पुढे बसलेल्या त्यांना आणि अर्ध्या बसला ऐकू गेलं. तुम्हाला व्यवहार कळत नाही म्हटलं. मिळत असलेलं घेतलं नाही तर दुसऱ्याला द्यायलाही काही उरत नाही, हे म्हटलं. कंडक्टरने वळून पाहिलं. सरांनी नाही पाहिलं.

त्या हिवाळ्यात सामने झाले, पण दोन कॉलेजं आली नाहीत. त्यांच्या प्राचार्यांना संचालकांकडून कळलं होतं की मान्यता टेबलावर होती आणि तुमच्या मास्तराने ती लाथाडली. लाथाडली हा शब्द त्यांचाच. पुढच्या हिवाळ्यात दोनच कॉलेजं उरली आणि दोघांत कसलं मंडळ. आमच्या संस्थाचालकांनी सरांची तासिका पुढे वाढवली नाही. पाच तालुक्यांत धुरे भरवणारी गोष्ट तीन हिवाळ्यांत संपली, आणि तिचा कुठे फलक नाही, ढाल नाही. विद्यापीठाच्या दप्तरी ती झालीच नाही. मी कबड्डी खेळत होते हे सिद्ध करायला माझ्याकडे एक वाकडी झालेली करंगळी आहे, बस.

मी पदवीनंतर आईचं टोपलं घेतलं. राग होता, तो कामी आला. आधी बोदलकशाचा माल, मग आजूबाजूच्या तलावांचा, मग बर्फाची गाडी. मला शिकवायला निघालेले व्यापारी माझ्याच वजनकाट्यावर येऊन उभे राहिले. लोक म्हणतात, बाईने स्वतःच्या बळावर केलं. म्हणतात ते खरं आहे. पण बळ काही मी हौसेने काढलं नव्हतं. वर्दीतली एखादी माझ्या वयाची बाई बाजारात दिसली, तर त्या दिवशी माझ्याकडून मासे घेणाऱ्याने सांभाळून बोलावं.

एवढी वर्षं मी एक गोष्ट धरून होते, की सर भोळे होते. त्यांना कळलंच नाही की त्यांनी काय घालवलं. भोळ्या माणसाचा राग येतो, पण पुरता येत नाही. कुठेतरी आपण त्याला सोडून देतो.

मग काही वर्षांपूर्वी मी गोंदियाजवळच्या फुलचूरला घर बघायला गेले. तिथे एका अंगणात खुर्चीवर सर बसलेले. मुलीकडे राहायला आले होते, गुडघे गेले होते. त्यांनी ओळखलं आणि म्हणाले, "बस, बोदलकसा." मुलीने चहा आणला. धंद्याचं विचारलं, आईचं विचारलं. मी नीट उत्तरं दिली. मग माझ्याने राहवलं नाही.

मी म्हटलं, "सर, त्या दिवशी त्या ऑफिसात माझं काय गेलं, ते तुमाले समजलंच नाही."

ते म्हणाले, "समजलं होतं."

"काय समजलं होतं?"

"तुझा कोट जाऊन राहिला होता. तिथंच दिसून राहिलं होतं मले. तू बोलत होती तेव्हाच."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मंग काऊन केलं?"

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तू निभावून नेशीन असं वाटलं. त्या पोरीईचं तसं नव्हतं. त्याईच्याजवळ तेवढा हिवाळाच होता."

मी म्हटलं, "मले विचाराचं तं होतं."

"विचारलं असतं तं हो म्हटली असती?"

"नाही."

"मंग," ते म्हणाले.

मी चहा अर्धा ठेवून उठले. आयुष्यभर मी समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचा शेवटचा भाव ओळखत आले, आणि या माणसाने माझ्यासमोर बसून मला तोललं होतं आणि मला कळलं नव्हतं. भोळे नव्हते. सगळं दिसत असताना त्यांनी माझ्या पारड्यातलं काढलं, कारण माझं पारडं त्यांना जड वाटलं. आपल्याकडे म्हणतात ना, चालत्या बैलालाच पराणी. मी चालत होते हा माझा गुन्हा. आणि यात सगळ्यात वाईट काय असेल तर ते हे, की त्यांचा अंदाज बरोबर निघाला. चुकला असता तर मला त्यांना मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

ते गेले तेव्हा त्यांच्या मुलीने फोन केला. मी गेले. अंगणात बसलेले लोक बोलत होते, साधा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात.  देवरीवाली आली होती, ती गप्प पोरगी. आता केस पिकत चाललेले, घरात सून आलेली. तिने माझ्याजवळ येऊन माझा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि करंगळी धरून म्हणाली, "हे मीच केलं होतं न वं?" मी म्हटलं, "तूच." तिला त्याचा फार आनंद झालेला दिसला. मला विचारावंसं वाटलं की त्या हिवाळ्यांनी तुला पुढे काय दिलं. पण ती करंगळी सोडायला तयार नव्हती, म्हणून विचारलं नाही.

आता दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजचं कोणीतरी ढालीच्या, टी-शर्टच्या वर्गणीसाठी माझ्या दुकानात येतं. मी आधी एकच विचारते, मुलींचे सामने कधी आहेत? ऑक्टोबर म्हणाले की चहा पाजून रवाना करते. लोक म्हणतात, बाई चिक्कू आहे. म्हणोत.

मागे एक तरुण मॅडम आल्या. तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवर, पायात बूट, बोलायला चटपटीत. त्यांनीही ऑक्टोबर म्हटलं. मी म्हटलं, कटाईत कोणत्या पोरी येणार? त्या हसल्या, पण उर्मटपणे नाही. "मॅडम, कटाई आता कोण हातानं करते? हार्वेस्टर येते. सकाळी बांधीत शिरते, दुपारी धान पोत्यात."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. रस्त्याने येता-जाता मी ती यंत्रं रोज पाहत होते. फक्त त्यांचा आणि माझा संबंध मी लावला नव्हता. मी म्हटलं, मग तर चांगलंच आहे. पोरी मोकळ्या असतील.

"कुठं मोकळ्या? इथली मजुरी गेली तं पोरी बाहेर जातात. दिवाळीच्या आधी कापूस वेचाले, संक्रांतीनंतर तेलंगणात मिरची तोडाले. नाव कॉलेजात, पोरगी तिकडं. परीक्षेच्या वक्ताले येते." त्यांनी पावतीपुस्तक मिटलं. "ऑक्टोबरात ठेवा की जानेवारीत, संघ काही भरत नाही. तुमीच सांगा, कधी ठेवू?"

 बर्फ फोडणारा माणूस बाहेर थांबला होता, गाडी लागली होती, मला घाई होती. मी म्हटलं, "पोरी घरी येतात ना, परीक्षेच्या वेळी? तेव्हाच ठेव."

"तेव्हा विद्यापीठाचं वर्ष संपून जाते, मॅडम."

"मग विद्यापीठाला म्हण, आपलं वर्ष बदल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अशा नजरेने मीही एकदा एका माणसाकडे, समोसे ठेवलेल्या टेबलापाशी, पाहिलं होतं. मग त्यांनी हळूच विचारलं, ढालीचं काय करू. मी म्हटलं, आण बनवून, मोठी आण. त्या निघून गेल्या. मी बाहेर गेले आणि बर्फवाल्याला, त्याची काही चूक नसताना, फार बोलले.